लष्करी डिझेल ट्रकांची शीतप्रारंभ साधने

लष्करी डिझेल ट्रकांची शीतप्रारंभ साधने म्हणजे कडाक्याच्या थंडीत डिझेल इंजिन सुरू करता यावे यासाठी लष्करी मालवाहू वाहनांवर बसवलेली किंवा त्यांच्यासोबत वापरली जाणारी उपकरणे आणि पदार्थ होत. ग्लो प्लग, आत येणारी हवा तापवणारे ज्वालातापक, इथर, शीतकतापक, बॅटरीतापक आणि एका वाहनातून दुसऱ्या वाहनाला वीज पुरवणारी केबल ही त्यांतील प्रमुख साधने आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झालेल्या अमेरिकेच्या एम ३५ए२ व एम ९३९, सोव्हिएत संघाच्या उराल ४३२० आणि पश्चिम जर्मनीच्या मान केएटी १ यांसारख्या ट्रकांवर अशी साधने वेगवेगळ्या स्वरूपांत आढळतात.

या पिढीतील ट्रकांमध्ये इंधनाचे अंतःक्षेपण यांत्रिक पंपाद्वारे होते. तापमान ओळखून इंधनाची मात्रा आणि वेळ आपोआप बदलणारी संगणकीय यंत्रणा त्यांत नसते. त्यामुळे थंडीत इंजिन सुरू होणे हे योग्य साधनाची निवड आणि चालकाची कार्यपद्धती यांवर अवलंबून राहते. प्रत्येक साधन थंडीमुळे निर्माण होणारी एखादीच उणीव भरून काढते. उणीव न ओळखता वापरलेले साधन निरुपयोगी ठरते, तर काही साधने एकत्र वापरल्यास इंजिनाचे गंभीर नुकसान होते किंवा स्फोट होऊन माणसे जखमी होऊ शकतात.

थंडीत इंजिन सुरू न होण्याची कारणे

संपीडनातून मिळणारी उष्णता

पेट्रोल इंजिनात इंधन व हवेचे मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटवले जाते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दट्ट्याने दाबली जाते, दाबामुळे ती तापते आणि तिच्यात फवारलेले इंधन स्वतःहून पेट घेते. रूडोल्फ डिझेल यांनी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे १८९७ साली यशस्वी करून दाखवलेल्या इंजिनाचे मूळ तत्त्व हेच होते. डिझेल इंधन पेटण्यासाठी हवेचे तापमान साधारण २१०° सेल्सियसच्या वर जावे लागते, आणि दट्ट्या वरच्या टोकाजवळ असण्याच्या अल्प काळात इंधन पेटायचे असल्याने प्रत्यक्षात याहून बरेच अधिक तापमान आवश्यक असते.

एम ३५ए२ या ट्रकाच्या एलडीटी-४६५ इंजिनाचे संपीडन गुणोत्तर २२:१ आहे. उष्णतेची अजिबात गळती होत नाही असे गृहीत धरल्यास, २०° सेल्सियस तापमानाची हवा या प्रमाणात दाबली असता तिचे तापमान सुमारे ७३५° होते. हवा उणे २०° असल्यास ते सुमारे ६००° भरते. म्हणजे बाहेरच्या तापमानातील ४० अंशांची घट सिलिंडरमध्ये जवळपास १४० अंशांची घट बनते. प्रत्यक्षात परिस्थिती याहून प्रतिकूल असते. स्टार्टर इंजिन सावकाश फिरवत असतो, सिलिंडरच्या भिंती थंडगार असतात आणि दट्ट्याच्या कड्यांमधून हवा निसटते. ही गळती मोठी असेल तर उणे २०° हवेचे दाबलेले तापमान २००° सेल्सियसच्या आसपासच थांबू शकते. अशा वेळी इंधन फवारले जाते, पण पेटत नाही आणि धुराड्यातून पांढऱ्या धुराच्या रूपात बाहेर पडते.

इंजिन फिरण्याचा वेग

इंजिन जितके सावकाश फिरते तितकी उष्णता व हवा निसटून जाण्यास अधिक वेळ मिळतो. डिझेल इंजिन सुरू होण्यासाठी ते मिनिटाला साधारण शंभर किंवा अधिक फेऱ्यांच्या वेगाने फिरवावे लागते. थंडीत हा वेग दोन कारणांनी घटतो. वंगण तेलाची श्यानता वाढल्याने बेअरिंग व दट्ट्ये जड फिरतात. त्याच वेळी बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. उणे १८° सेल्सियसला शिसे-आम्ल बॅटरीची इंजिन फिरवण्याची क्षमता उबदार हवेतील क्षमतेच्या साधारण ४० टक्के उरते. म्हणजे इंजिनाला अधिक बळ हवे असते तेव्हाच बॅटरीचे बळ निम्म्याहून कमी झालेले असते.

इंधनाचे गोठणे

डिझेलमध्ये मेणासारखे घटक विरघळलेले असतात. तापमान घटू लागले की प्रथम त्यांचे बारीक स्फटिक दिसू लागतात व इंधन गढूळ होते. या तापमानास मेघबिंदू म्हणतात. त्यापुढे स्फटिकांमुळे गाळणी बुजते आणि आणखी थंडीत इंधन वाहणेच थांबते. इंधन ज्या किमान तापमानापर्यंत वाहू शकते त्यास ओतनबिंदू म्हणतात. गाळणी बुजलेली असल्यास सिलिंडर कितीही तापवला तरी इंजिन सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन काही क्षणांतच बंद पडते.

इतिहास

दुसऱ्या महायुद्धापूर्वी लष्करी ट्रकांमध्ये पेट्रोल इंजिनांचे प्राबल्य होते. १९४१-४२ च्या हिवाळ्यात पूर्व आघाडीवर जर्मन सैन्याची वाहने मोठ्या संख्येने गोठली. तेव्हा इंजिनाखाली आग पेटवून तेलाची टाकी तापवणे, रात्रभर इंजिन चालू ठेवणे असे उपाय योजावे लागले. पहिल्या उपायात वाहन जळण्याचा धोका होता, तर दुसऱ्यात आधीच अपुरे असलेले इंधन खर्च होई. त्याच युद्धकाळात टाट्रा १११ हा हवेने थंड होणाऱ्या बारा सिलिंडरांच्या डिझेल इंजिनाचा ट्रक १९४२ पासून तयार होऊ लागला. पाणी नसल्याने ते गोठून इंजिन फुटण्याची भीती या रचनेत नव्हती. सोव्हिएत टी-३४ रणगाड्याच्या डिझेल इंजिनाला विजेच्या स्टार्टरखेरीज दाबयुक्त हवेच्या नळकांड्यांचा पर्याय दिलेला होता. बॅटरी निकामी झाली तरी हवेच्या दाबाने इंजिन फिरवता येत असे.

युद्धानंतर डिझेलचा कमी खप आणि पेट्रोलच्या तुलनेत आगीचा कमी धोका या कारणांनी सैन्ये डिझेलकडे वळली. अमेरिकेचा अडीच टनी एम ३५ ट्रक सुरुवातीला पेट्रोलवर चाले. १९६० च्या दशकात त्यास बहुइंधनी इंजिन मिळाले. सोव्हिएत संघात पेट्रोलवरील उराल ३७५ च्या जागी १९७७ पासून डिझेलवरील उराल ४३२० तयार होऊ लागला. डिझेलच्या या प्रसारासोबत शीतप्रारंभ हा स्वतंत्र अभियांत्रिकी प्रश्न बनला आणि प्रत्येक देशाने आपल्या हवामानानुसार त्यावर उपाय शोधले.

नागरी क्षेत्रातील एक महत्त्वाची भर अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातून आली. तेथील ग्रँड फोर्क्स शहरातील अँड्र्यू फ्रीमन यांना इंजिनाच्या माथ्यावरील बोल्टच्या जागी बसवायच्या विद्युत तापकाचे एकस्व १९४९ साली मिळाले. घरगुती विजेवर चालणारे इंजिनतापक पुढे थंड प्रदेशांतील वाहनांवर सर्रास दिसू लागले. आघाडीवर भिंतीतील विजेची सोय नसल्याने लष्करी ट्रकांना मात्र मुख्यतः इंधन जाळणाऱ्या तापकांवर विसंबावे लागले.

साधनांचे प्रकार

ग्लो प्लग

ग्लो प्लग ही सिलिंडरच्या माथ्यात बसवलेली, विजेने लाल होईपर्यंत तापणारी कांडी असते. ज्या इंजिनांत इंधन थेट सिलिंडरमध्ये न फवारता शेजारच्या लहान कप्प्यात फवारले जाते, त्यांना ग्लो प्लगची गरज सर्वाधिक असते. कप्प्याच्या भिंतींचे क्षेत्रफळ आकारमानाच्या मानाने मोठे असल्याने दाबलेल्या हवेची उष्णता त्या चटकन शोषून घेतात. तापलेल्या कांडीवर इंधनाचा फवारा आदळला की त्या ठिकाणी ज्वलन सुरू होते.

अमेरिकी सैन्याने १९८० च्या दशकात घेतलेल्या सीयूसीव्ही मालिकेतील शेव्हरोले ट्रकांत ६.२ लिटरचे आठ सिलिंडरी डिझेल इंजिन होते. या वाहनांचा स्टार्टर २४ व्होल्टवर चालत असला तरी ग्लो प्लग १२ व्होल्टचे होते. त्यांना पुरवायचा दाब रोधकांच्या साहाय्याने उतरवला जाई. त्या प्लगांना वीज देणारा रिले चिकटला तर ते तापत राहून जळत. काही प्रकारच्या प्लगांचे टोक अतितापाने फुगते, मग प्लग बाहेर काढता येत नाही आणि जोर लावल्यास टोक तुटून सिलिंडरमध्ये पडण्याची भीती असते. आठपैकी दोन-तीन प्लग निकामी असले तरी उन्हाळ्यात ते लक्षात येत नाही. पहिल्या थंडीत मात्र इंजिन अडखळते.

ज्वालातापक

ज्या इंजिनांत इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, त्यांत हवा सिलिंडरमध्ये शिरण्यापूर्वीच तापवण्याची पद्धत रूढ झाली. अंतर्ग्रहण नलिकेत थोडेसे डिझेल जाळून तिच्यातून जाणारी हवा तापवली जाते. अमेरिकेच्या बहुइंधनी इंजिनांत यासाठी छोटा विद्युत इंधनपंप, फवारा सोडणारी तोटी आणि ती ज्वाला पेटवणारा स्पार्क प्लग अशी रचना असते. इंजिन फिरवताना चालक फलकावरील स्वतंत्र बटणाने ती चालू करतो.

उराल ४३२० मधील कामाझ ७४० या व्ही-आकाराच्या आठ सिलिंडरी इंजिनात दोन ज्वाला-प्लग असतात. प्लग आधी विजेने तापतात, मग विद्युत झडप उघडून त्यांवर इंधन सोडले जाते आणि ज्वाला निर्माण होते. साधारण एक ते दोन मिनिटांत इंजिन फिरवण्यास सज्ज होते. ही व्यवस्था साधारण उणे २५° सेल्सियसपर्यंत पुरेशी मानली जाते. ब्रिटिश बनावटीच्या सीएव्ही कंपनीच्या थर्मोस्टार्ट या उपकरणात स्वतंत्र झडपेची गरज नसे. वेटोळे तापले की प्लगमधील भाग प्रसरण पावून इंधनाचा मार्ग आपोआप उघडे.

ज्वालेसाठी हवेतील काही ऑक्सिजन खर्च होतो. त्यामुळे ज्वाला लहानच ठेवावी लागते. इंधनवाहिनी गळकी असल्यास नलिकेत डिझेल साचते आणि इंजिन सुरू होताच ते अनियंत्रितपणे जळू लागते.

बहुइंधनी इंजिनांना हवा तापवण्याची विशेष गरज असण्यामागे त्यांची ज्वलनपद्धती आहे. जर्मनीच्या मान कंपनीने विकसित केलेल्या पद्धतीनुसार त्यांत बहुतांश इंधन दट्ट्यातील खोलगट भागाच्या भिंतीवर पातळ थराच्या रूपात सोडले जाते. गरम दट्ट्यावर ते वाफ होऊन शांतपणे जळते आणि म्हणूनच अशी इंजिने निरनिराळी इंधने पचवू शकतात. थंड दट्ट्यावर मात्र वाफ सावकाश होते, त्यामुळे हिवाळ्यातील पहिली काही मिनिटे दाट पांढरा धूर निघतो.

इथर

डायएथिल इथर हा अत्यंत बाष्पनशील द्रव आहे. तो सुमारे ३५° सेल्सियसला उकळतो आणि १६० ते १८०° सेल्सियसच्या दरम्यान स्वतःहून पेट घेतो. डिझेल पेटण्याइतकी उष्णता संपीडनातून मिळत नसली तरी इथर पेटतो आणि त्याच्या ज्वलनातून डिझेल पेटते. पूर्वी इथर भरलेल्या जिलेटिनच्या कुप्या फोडून हवेच्या मार्गात टाकत. नंतर दाबयुक्त डबे आणि वाहनावर कायम बसवलेली, ठरावीक मात्रा सोडणारी नळकांडी आली. कमिन्स एनएचसी-२५० इंजिन असलेल्या एम ९३९ मालिकेच्या ट्रकांवर अशी मोजून इथर सोडणारी व्यवस्था होती. या इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते आणि त्यात ग्लो प्लग नसतात, त्यामुळे इथरचा वापर तेथे शक्य होतो.

इथरचे ज्वलन दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वीच सुरू होऊ शकते. मात्रा अधिक झाल्यास वर येणाऱ्या दट्ट्यावर उलटा आघात होतो. परिणामी दट्ट्याच्या कड्या व त्यांच्या खाचा तुटणे, माथ्याचे गॅस्केट फुटणे, जोडदांडा वाकणे असे नुकसान होते. इंजिनाला इथरची सवय लागते असा समज चालकांमध्ये प्रचलित आहे. त्यामागील कारण यांत्रिक आहे. वारंवार इथर दिल्याने कड्या झिजतात, संपीडन घटते, आणि मग उबदार दिवशीही इथरशिवाय इंजिन सुरू होत नाही.

शीतकतापक

उणे २५ ते ३०° सेल्सियसच्या खाली संपूर्ण इंजिनच तापवावे लागते. त्यासाठी इंधन जाळून इंजिनातील शीतक गरम करणारा तापक वापरतात. सोव्हिएत पीझेडडी-३० या तापकात डिझेल जाळून शीतक तापवले जाते आणि त्याचा गरम धूर तेलाच्या टाकीखालून सोडला जातो, ज्यामुळे घट्ट झालेले तेलही पातळ होते. अशा तापकाने साधारण अर्ध्या तासात इंजिन सुरू करण्याच्या स्थितीत येते. अमेरिकी ट्रकांच्या ध्रुवीय संचात शीतकतापकासोबत बॅटरीची पेटी व तेलाची टाकी तापवण्याची सोय तसेच बॉनेट व रेडिएटरवर घालायची जाड आवरणे येतात.

इतर साधने ज्वलनाची केवळ पहिली ठिणगी पुरवतात, तर शीतकतापक हवा, तेल व धातू या तिन्ही बाबींवर एकाच वेळी उपाय करतो. त्यामुळे इंजिनाची झीज सर्वांत कमी होते. त्याला लागणारा वेळ आणि इंधन ही त्याची किंमत होय. मान केएटी १ सारख्या, हवेने थंड होणाऱ्या डॉइट्स इंजिनाच्या ट्रकात शीतकच नसल्याने ही पद्धत लागू पडत नाही. तेथे ज्वालातापकावरच मुख्य भर असतो.

बॅटरी आणि जोडकेबल

बहुतेक पाश्चात्त्य लष्करी ट्रकांत १२ व्होल्टच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्टची व्यवस्था केलेली असते. व्होल्टता दुप्पट असल्याने तेवढ्याच शक्तीसाठी निम्मा प्रवाह पुरतो आणि तारांमधील हानी घटते. पूर्ण भारित बॅटरीतील द्रव उणे ५०° सेल्सियसच्या खालीही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेल्या बॅटरीतील द्रव शून्याखाली काही अंशांवरच गोठतो व तिचे कवच फुटते. गोठलेली बॅटरी भारित करण्याचा किंवा तिला केबल जोडण्याचा प्रयत्न स्फोटक ठरू शकतो.

नाटो देशांच्या वाहनांवर एकसारखी जोडणी असते. तिच्या साहाय्याने एका देशाच्या ट्रकातून दुसऱ्या देशाच्या ट्रकाला वीज देता येते. तिचे मानक स्टॅनॅग ४०७४ या नावाने ओळखले जाते. १२ व्होल्टच्या नागरी मोटारीला ही केबल थेट जोडल्यास तिच्या विद्युत यंत्रणेचे नुकसान होते.

इंधन आणि वंगण

हिवाळी इंधन व पातळ तेल ही उपकरणे नसली तरी शीतप्रारंभाचा पाया त्यांनीच घातला जातो. अमेरिकी सैन्यात सामान्य, हिवाळी व ध्रुवीय असे डिझेलचे वेगवेगळे दर्जे होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून नाटो सैन्यांनी विमाने व जमिनीवरील वाहने यांसाठी जेपी-८ हे एकच इंधन वापरण्याचे धोरण स्वीकारले. रॉकेलवर आधारित या इंधनाचा गोठणबिंदू उणे ४७° सेल्सियस असल्याने मेणाचा प्रश्न बराचसा सुटला. मात्र त्याची वंगणक्षमता डिझेलपेक्षा कमी आहे. ज्या अंतःक्षेपण पंपांत इंधनच वंगणाचे काम करते, त्यांची झीज वाढण्याची शक्यता असते.

डिझेलमध्ये पेट्रोल मिसळण्याची जुनी पद्धत सामान्य डिझेल इंजिनांसाठी घातक आहे. मिश्रण सहज पेट घेते, त्यामुळे टाकीजवळ आगीचा धोका वाढतो, आणि संपीडनाने ते उलट अधिक उशिरा पेटते.

इथर आणि तापक यांचा एकत्र वापर

शीतप्रारंभातील सर्वांत धोकादायक चूक म्हणजे ग्लो प्लग किंवा ज्वालातापक चालू असताना इथर फवारणे. इथरला पेटण्यासाठी लागणाऱ्या तापमानाच्या कित्येक पट तापलेली कांडी किंवा उघडी ज्वाला मार्गातच असल्याने इथर सिलिंडरमध्ये दाबला जाण्यापूर्वी, म्हणजे अंतर्ग्रहण नलिकेत किंवा झडपा उघड्या असताना पेटतो. नलिका फुटणे, हवेची गाळणी उडणे आणि बॉनेटपाशी उभ्या असलेल्या व्यक्तीचा चेहरा व हात भाजणे हे त्याचे परिणाम होत. ग्लो प्लगच्या इंजिनांत तुटलेले टोक दट्ट्याला भोक पाडू शकते.

ही चूक घडण्यामागे एक व्यावहारिक कारण असते. तापक नादुरुस्त आहे असे समजून चालक इथरकडे वळतो, पण तापक पूर्णपणे बंद नसतो. सीयूसीव्हीसारख्या वाहनांत चावी फिरवताच ग्लो प्लग आपोआप तापतात. स्वतंत्र बटण नसल्याने ते चालू असल्याचे फवारणाऱ्याला कळत नाही. इथरची वाफ हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्याने ती जमिनीलगत व बंद शेडमध्ये साचते आणि दूरवरच्या ठिणगीनेही पेटू शकते. इथर एकेकाळी शस्त्रक्रियेत भूल देण्यासाठी वापरला जात असे. बंद जागेत त्याची वाफ श्वासावाटे गेल्यास गुंगी येते.

उंच प्रदेशातील परिस्थिती

समुद्रसपाटीपासून उंच असलेल्या प्रदेशांत थंडीला विरळ हवेची जोड मिळते. लडाखमधील लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. सिलिंडरमध्ये भरली जाणारी हवा वजनाने कमी असल्याने थंड भिंती तिची उष्णता अधिक वेगाने शोषून घेतात, तसेच कमी दाबाखाली इंधन पेटण्यास अधिक वेळ लागतो. शीतकतापकातील ज्वलनही विरळ हवेत मंदावते व काजळी धरते.

भारतीय सैन्याचा दीर्घकाळ कणा असलेला शक्तिमान ट्रक मान कंपनीच्या परवान्याखाली जबलपूर येथे १९५९ पासून तयार झाला. पुढे त्याची जागा अशोक लेलँडच्या स्टॅलियनने घेतली. हिमालयातील रस्ते हिवाळ्यात बर्फाने बंद होत असल्याने या ट्रकांवर पुढील चौक्यांचा शिधा व इंधन अवलंबून असते. भारतीय मानकानुसार सामान्य हिवाळी डिझेलचा ओतनबिंदू ३° सेल्सियसपर्यंत असू शकतो. लडाखच्या हिवाळ्यात असे इंधन टाकीतच घट्ट होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी विशेष हिवाळी डिझेल उपलब्ध केले. ते उणे ३३° सेल्सियसपर्यंत प्रवाही राहते. महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील वाहन संशोधन व विकास आस्थापना ही संरक्षण संशोधन व विकास संघटनेची प्रयोगशाळा लष्करी वाहनांचा विकास व त्यांच्या चाचण्यांचे काम करते.

सुरू करण्याचा क्रम

अमेरिकी सैन्याच्या एफएम ९-२०७ या पुस्तिकेत शून्य ते उणे ६५° फॅरेनहाइट, म्हणजे सुमारे उणे १८ ते उणे ५४° सेल्सियस, या पट्ट्यातील वाहनांच्या वापराचा विचार केलेला आहे. वाहनागणिक सूचना बदलत असल्या तरी शीतप्रारंभाचा सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो :

१. आदल्या दिवशी टाकी पूर्ण भरून ठेवणे. रिकाम्या जागेतील बाष्प गोठून इंधनवाहिनी बुजते. इंधनाच्या गाळणीतील पाणी काढून टाकणे.

२. बॅटरीचा भार व तिची टोके तपासणे. बॅटरी काही थंड अंशांवर निकामी होत असेल तर ती रात्री उबदार जागी ठेवणे.

३. शीतकतापक उपलब्ध असल्यास प्रथम तो वापरणे. तो चालू असताना वाहनापाशी माणूस व अग्निशामक ठेवणे.

४. ग्लो प्लग किंवा ज्वालातापक ठरावीक वेळ तापवणे. वेळ कमी पडल्यास तो वाढवणे इथर फवारण्यापेक्षा सुरक्षित असते.

५. क्लच दाबून इंजिन फिरवणे, म्हणजे गिअरपेटीतील घट्ट तेल ढवळण्याचा भार स्टार्टरवर येत नाही.

६. स्टार्टर सलग फार वेळ न फिरवता, प्रत्येक प्रयत्नानंतर त्याला थंड होण्यासाठी काही मिनिटे विश्रांती देणे.

७. इंजिन सुरू होताच तेलाचा दाब पाहणे. दाब न दिसल्यास इंजिन तत्काळ बंद करणे, आणि दाब दिसल्यासही लगेच वेग न वाढवणे.

इथरची व्यवस्था कारखान्यातूनच बसवलेली असेल आणि इंजिनात दुसरा कोणताही तापक नसेल तरच इथरचा वापर, तोही इंजिन फिरत असताना व मोजक्या मात्रेत केला जातो. दुसऱ्या वाहनाने ओढून इंजिन सुरू करण्याचा उपाय शेवटचा मानला जातो. निसरड्या बर्फावर त्यात अपघात होतात, शिवाय गोठलेल्या तेलामुळे बेअरिंग कोरडे फिरतात.

निवृत्त ट्रक आणि देखभाल

सैन्यातून निवृत्त झालेले असे ट्रक अनेक देशांत लिलावाने विकले जातात व शेती, अग्निशमन, बर्फ हटवणे किंवा संग्रह यांसाठी वापरले जातात. लष्करात दर हंगामापूर्वी तपासणी करणारे यांत्रिक पथक असते. नागरी मालकाकडे ते नसते. त्यामुळे शीतप्रारंभ साधने सर्वांत आधी दुर्लक्षित होतात. ज्वालातापकाच्या रबरी नळ्या कडक होऊन चिरतात, ग्लो प्लगच्या तारा गंजतात, तर इथरच्या नळकांड्याची झडप गळू लागते.

थंडीत सुरू न होणाऱ्या जुन्या ट्रकाचे निदान करताना तीन प्रश्न क्रमाने तपासले जातात : इंजिन पुरेशा वेगाने फिरते का, अंतःक्षेपकापर्यंत इंधन पोहोचते का, आणि पोहोचलेले इंधन पेटते का. इंजिन सावकाश फिरत असेल तर दोष बॅटरीत, तारांत किंवा तेलात असतो. वेग चांगला असूनही धुराड्यातून अजिबात धूर येत नसेल तर इंधन गोठलेले किंवा अडलेले असते. पांढरा धूर येत असेल तर इंधन पोहोचते पण उष्णता अपुरी पडते, आणि याच स्थितीत ग्लो प्लग, ज्वालातापक किंवा इथर यांचा उपयोग होतो. पहिल्या दोन स्थितींत ही साधने वापरून काहीही साध्य होत नाही. उबदार हवेतही पांढरा धूर व अडखळणारा प्रारंभ कायम राहिल्यास संपीडन घटले असल्याची शक्यता असते. अशा इंजिनाला शीतप्रारंभ साधनाची नव्हे, तर दुरुस्तीची गरज असते.